फेकलेली पुडी

एरंडोल
१४ जून २०२५

चि. रोशनी,

जय भीम.

एवढं जाड पाकीट पाहून दचकू नकोस. आत माझ्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं आहेत. होय, पुस्तकच. महूपाड्याच्या आश्रमशाळेत बावीस वर्षं खडू झिजवला, निवृत्त होऊन एरंडोलला आलो त्यालाही सहा वर्षं झाली, आणि आता या वयात मला लेखक व्हायची हुक्की आली आहे. तुझ्या काकू म्हणतात, गुडघे दुखतात म्हणून बसून करायचं काहीतरी शोधलंत. म्हणू देत.

विषय उत्क्रांती. दहावीच्या पेपरात चार मार्कांना येते ती नव्हे, खरीखुरी. जीव बदलतात कसे, आपण इथवर आलो कसे, हे ज्याने शाळा अर्धवट सोडली त्यालाही कळेल असं लिहायचं आहे. अशी पुस्तकं मराठीत आहेत, मी बरीच वाचली. पण ती उघडली की विलायतेतले पतंग आणि कुठल्यातरी बेटावरच्या चिमण्या. आमच्या माणसाला वाटतं, बदल होतो तो तिकडेच, आपल्याकडे सगळं देवाने केलं तसंच आहे. ते मला मोडायचं आहे. पुण्याच्या एका प्रकाशकांनी डिसेंबरअखेर हस्तलिखित मागितलं आहे आणि मी ते देणार म्हणजे देणार.

शास्त्र तपासायला माझी प्रज्ञा आहे. जळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि बापाचं लिखाण लाल करण्यात तिला भारी आनंद होतो. पण वाचणाऱ्याला कळतंय का, हे तिला काय माहीत? म्हणून तुला लिहितोय. आता माझ्याच जागी तू विज्ञान शिकवतेस. शनिवारी दुपारी महूच्या झाडाखाली मोठी माणसं बसतात तिथे हे वाचून दाखव. कुठे जांभया आल्या, कुठे हसले, कोण उठून गेलं, सगळं लिही.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू ‘हो सर, छान सर’ म्हणतेस. कागदावर तू खरं बोलतेस, हे मला तुझ्या दहावीच्या निबंधापासून ठाऊक आहे.

तुझ्या आईवडिलांना, रुपलीबाईंना आणि कुवरसिंगभाऊंना, नमस्कार.

तुझा,
देवचंद सर


महूपाडा, ता. शिरपूर
६ जुलै २०२५

सर, जोहार.

तीन शनिवार लागले. पेरण्या चालू आहेत, त्यामुळे कधी वीस माणसं, कधी सातच.

पहिलं प्रकरण आवडलं. दुसऱ्यात जिराफ आला आणि चार बाया उठून गेल्या. खालच्या गावातले सुकदेवआबा, पिठाच्या गिरणीवाले, हात वर करून म्हणाले, “हाऊ जिराफ कोन्ही देखेल शे का?” कोणीच नव्हता पाहिला. मग त्यांनी जिराफाचा आवाज कसा असेल तो काढून दाखवला आणि त्या दिवशीचं वाचन तिथेच संपलं. विलायतेतले पतंग नकोत म्हणून तुम्ही निघालात आणि जिराफ घेऊन आलात, सर.

खरी अडचण तिसऱ्या प्रकरणात आहे. ‘निसर्ग निवड करतो’ हे वाक्य तुम्ही अकरा वेळा लिहिलंय. मी मोजलं. माझी आई ज्वारीचं बियाणं स्वतः निवडते. सगळ्यांत मोठं कणीस ती घेत नाही, वाऱ्यात न लोळलेल्या ताटाचं घेते आणि चुलीवरच्या धुरात टांगते. ती म्हणाली, “मी निवडते तेव्हा मला ठाऊक असतं मला काय पाहिजे. तुझ्या सरांच्या निसर्गाला काय पाहिजे? त्याला हात आहेत का, डोळे आहेत का?” तिला काय सांगू ते कळवा. मुलांना मी पण हेच वाक्य शिकवते.

बाबा शेवटपर्यंत बसले. काही कळलं का विचारलं तर म्हणाले, “गुरुजींनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.” तुमच्या पुस्तकासाठी हे चांगलं की वाईट ते तुम्हीच ठरवा.

रोशनी


एरंडोल
२२ जुलै २०२५

चि. रोशनी,

जय भीम. तुझं पत्र वाचून आधी चिडलो. मग दोन दिवसांनी पुन्हा वाचलं आणि जिराफाला पुस्तकातून हाकलून दिलं. सुकदेवआबांना सांग, त्यांचं काम झालं.

आता रुपलीबाईंचं. एवढा सरळ प्रश्न मला बावीस वर्षांत कुठल्या इन्स्पेक्शनच्या साहेबानेही विचारला नव्हता. त्यांना सांग, निसर्गाला हात नाहीत, डोळे नाहीत आणि त्याला काहीही नको असतं. वाऱ्यात काही ताटं लोळली, काही उभी राहिली. लोळलेल्यांचे दाणे मातीत कुजले, उभ्यांचे वाचले. पुढच्या वर्षी उभ्या राहणाऱ्यांची पोरं जास्त. कोणी निवडलं नाही. जे उरलं ते उरलं, एवढंच. अकरापैकी नऊ वाक्यं खोडली आहेत. दोन ठेवली, माझा हट्ट म्हणून.

ताटं आपोआप वेगवेगळी असतात हेही लिहिलं. केळीचं उदाहरण घेतलं. रावेरकडच्या बागेतली खोडं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. बी नाही, फरक नाही. एका झाडाला जो रोग मारतो तो सगळ्या बागेला मारू शकतो. फरक ही चूक नाही, ती पुंजी आहे. हे वाक्य बरं जमलंय ना?

आणि सोबत चौथं प्रकरण पाठवतोय, बोंडअळीचं. रोशनी, याच्यासारखं प्रकरण मी लिहिलं नाही आणि पुन्हा लिहीन की नाही शंका आहे. प्रज्ञाने पहिल्यांदाच लाल पेन खाली ठेवला. उत्क्रांती आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या बांधावर झाली आणि कोणाला दिसली नाही! एवढा तुकडा इथेच वाच:

“नव्या कपाशीच्या पानापानात अळीला मारणारं विष होतं. अळी खायची आणि मरायची. पण लाखात एखादी अळी जन्मतःच अशी, की तिला ते विष बाधत नसे. तिने काही शिकून घेतलं नव्हतं, जिद्दही धरली नव्हती. ती तशीच जन्मली होती. बियाण्याच्या मोठ्या पाकिटासोबत एक लहान पुडी यायची. तिच्यात साधी, बिनविषाची सरकी. ती शेताच्या कडेने पाच ओळी लावायची. त्या ओळींवर साध्या अळ्या मजेत जगत, त्यांचे पतंग होत. विष पचवलेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार मिळे तो याच साध्यांतला, आणि त्यांची पिल्लं बहुतेक पुन्हा विषाने मरत. म्हणजे त्या पाच ओळी अळीसाठी नव्हत्या, विषाची धार टिकवण्यासाठी होत्या. शेतकऱ्यांनी अज्ञानापोटी ती पुडी बांधावर फेकली. मग साध्या अळ्या उरल्याच नाहीत. विष पचवलेल्याला जोडीदार मिळाला तो विष पचवलेलाच. दहा-पंधरा वर्षांत अळी जिंकली.”

येत्या शनिवारी वाच. कुवरसिंगभाऊ कपाशीवाले, त्यांना हे पटेल बघ.

देवचंद सर


एरंडोल
२७ ऑगस्ट २०२५

चि. रोशनी,

महिना उलटून गेला, उत्तर नाही. पोस्टात गहाळ झालं का? की निंदणीच्या गडबडीत वाचनच झालं नाही? कुवरसिंगभाऊंची तब्येत बरी आहे ना?

प्रकाशकांना चौथं प्रकरण इतकं आवडलं की ते पुस्तकाच्या सुरुवातीलाच घ्या म्हणतायत. म्हणून जरा घाई करतोय. गावाला काय वाटलं ते कळव.

देवचंद सर


महूपाडा
१० सप्टेंबर २०२५

सर,

पत्र मिळालं होतं. वाचनही झालं. सगळे बरे आहेत. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची.

त्या शनिवारी सव्वीस माणसं होती, सगळी कपाशीवाली. तुमचं प्रकरण एकाला जांभई न येता ऐकलं. ‘शेतकऱ्यांनी अज्ञानापोटी ती पुडी बांधावर फेकली’ हे वाक्य आलं तेव्हा मागून कोणीतरी हसून म्हणालं, “घ्या, कुवरसिंगची अळी पुस्तकात आली.” बाबा उठले आणि घरी गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, मी वाचलं म्हणून चिडलेत.

तुम्ही २०१९ ला इथून गेलात, पण हे नाव त्याच्या आधीचं आहे. तुमच्या कानावर आलं नसेल, कारण तुमच्यासमोर कोणी म्हणत नसे. आमच्या गावात गुलाबी बोंडअळीला ‘कुवरसिंगची अळी’ म्हणतात. ज्या वर्षी अळीने पोखरून सगळ्यांच्या बोंडांची कवडी झाली, आत धड कापूस उरला नाही, त्या वर्षी शिरपूरहून आलेल्या एका माणसाने सभेत सांगितलं की ती लहान पुडी लावायला हवी होती. मग सगळ्यांना आठवलं की पुडी फेकून द्या असं बाबांनीच घरोघरी जाऊन सांगितलं होतं. तेव्हापासून ते नाव पडलं. हसत म्हणतात, पण म्हणतात. लग्नात म्हणतात, बाजारात म्हणतात. माझ्या भावाला, विक्रमला, सोयरीक बघायला आलेल्या लोकांसमोर म्हटलं होतं.

पाचव्या दिवशी बाबा बोलले. जसं बोलले तसं मराठीत लिहिते.

“त्या वर्षी पुडी पहिल्यांदा आली. मोठ्या पाकिटावर मराठी होतं, लहान पुडीवर बारीक इंग्रजी. मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल. मी ती घेऊन शाळेत गेलो. गुरुजी ओट्यावर वह्या तपासत होते. त्यांनी वाचली. म्हणाले, कडेने पाच ओळी लावा असं लिहिलंय. मी विचारलं, का लावायच्या? गुरुजी म्हणाले, काही नाही, साधी सरकी आहे, उगाच जागा अडवेल, फेकून द्या. पण ढोरांना घालू नका, औषध लावलेलं आहे. मी सगळ्यांना तेच सांगितलं.”

मी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे कोणाला का सांगितलं नाही? म्हणाले, “त्यांच्याकडे पोरं शिकत होती. गुरुजी चुकले म्हटलं असतं तर पोरांनी त्यांचं ऐकलं नसतं.”

सर, मी त्याच साली तुमच्याकडे दहावीला होते. त्याच पावसाळ्यात तुम्ही आम्हाला उत्क्रांती शिकवली.

मला एवढंच विचारायचं आहे. हे तुम्हाला आठवत नाही, की आठवतंय आणि तरी लिहिलंत?

रोशनी


एरंडोल
१९ सप्टेंबर २०२५

चि. रोशनी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. भाऊंच्या वाट्याला हे आलं याची मला कल्पना नव्हती.

तू म्हणतेस तो प्रसंग नेमका आठवत नाही. सोळा वर्षं झाली. लोक रोज काही ना काही वाचून घ्यायला यायचे, कधी बँकेचा कागद, कधी औषधाची चिठ्ठी. असं काही बोललो असेन, नाकारत नाही. पण शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर एका गावाने पुड्या लावल्या असत्या म्हणून काही वाचलं नसतं. हजारो गावांनी फेकल्या. पतंग गावाची शीव ओळखत नाहीत. तेव्हा भाऊंनी मनाला लावून घेऊ नये आणि लोकांनीही त्यांना बोल लावू नये. हे तू सगळ्यांना माझ्या वतीने समजावून सांग.

प्रकरणातला ‘अज्ञानापोटी’ हा शब्द हवा तर सौम्य करतो. ‘माहितीअभावी’ चालेल का?

देवचंद सर


महूपाडा
२ ऑक्टोबर २०२५

सर,

चौथं प्रकरण सोबत परत पाठवतेय. इथे पुढचं वाचन बंद केलं आहे.

एका गावाने काही वाचलं नसतं हे मला पटतं. मग तोच हिशेब पुस्तकात का नाही? चूक सांगायची तेव्हा शेतकऱ्यांचं अज्ञान, आणि स्वतःवर आलं की हजारो गावं आणि पतंगांची शीव. ‘माहितीअभावी’ चालणार नाही. बाबांकडे माहिती नव्हती म्हणूनच ते चालत शाळेत आले होते.

तुमच्या वतीने मी काही समजावून सांगणार नाही. बाबांनी मला एक शब्दही बोलू दिलेला नाही. उलट कोणाला सांगितलंस तर बघ, अशी तंबी दिली आहे. तुमचं नाव गावात अजून स्वच्छ आहे. काळजी करू नका.

तुम्ही आम्हाला शिकवलंत की उत्तर येत नसेल तर कागद कोरा सोडा, पण ठोकून देऊ नका. मी आजही मुलांना तेच सांगते आणि तुमचं नाव घेऊन सांगते. आता कसं सांगू ते मला कळत नाही.

मला राग आलाय सर. तुम्हाला पत्रात खरं पाहिजे असतं म्हणून लिहिलं.

रोशनी


एरंडोल
९ नोव्हेंबर २०२५

रोशनी,

आठवतं. सगळं आठवतं. पहिल्यापासून आठवत होतं.

शाळेचा ओटा, डाव्या बाजूला नववीच्या वह्या. कुवरसिंगभाऊंनी पुडी दोन्ही हातांनी पुढे धरली होती. मी इंग्रजी नीट वाचलं, नीट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, का. आणि ते मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ एवढं म्हणायला काय लागतं? पण चार पोरं तिथे खेळत होती, एक नवीन शिक्षक शेजारी उभे होते आणि मी विज्ञानाचा मास्तर. आमच्या घरात शिकलेला पहिला मीच. लहानपणी मला माहीत नसलं की लोक कसे हसायचे ते मी विसरलो नव्हतो. तेव्हा मनाशी ठरवलं होतं की पुन्हा कोणापुढे ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. ते मी पाळलं. त्याची किंमत भाऊंनी दिली.

आणखी वाईट ऐक. त्यानंतर महिन्याभरात मी तुम्हाला वर्गात उत्क्रांती शिकवली. फळ्यावर जिराफ काढला. त्या फळ्यापासून शंभर पावलांवर कपाशी उभी होती. तिच्यात तेच चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी उत्क्रांती पाठ केली होती, मला ती समजली नव्हती. काही वर्षांनी एका लेखात पुडीचं कारण वाचलं तेव्हा आपण काय करून बसलो ते कळलं. त्या दिवशी उठून महूपाड्यात सांगायला हवं होतं, तिथेच तर नोकरी होती माझी. नाही सांगितलं. ‘कुवरसिंगची अळी’ हे मी ऐकलं नव्हतं असं तू समजतेस. एकदा ऐकलं होतं. बाजारात, भाजीवाल्याच्या मागे उभा असताना. ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या गल्लीने घरी गेलो. गेल्या पत्रात ‘कल्पना नव्हती’ लिहिलं तेही खोटंच होतं.

हे पत्र पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. शेवटी प्रज्ञाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या बाबा. ती म्हणाली, “हे प्रकरणात नाही तर प्रकरण अपुरं आहे.” पोरगी कडक आहे, आईवर गेली.

चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. सुरुवातच अशी आहे: “एका शेतकऱ्याने मला विचारलं, या पाच ओळी का लावायच्या? मी विज्ञान शिक्षक होतो. मला उत्तर माहीत नव्हतं आणि ते मी सांगितलं नाही. पुडी फेकून द्या, असं मी म्हणालो.” त्यापुढे अळीची सगळी हकीकत. प्रकाशकांचा फोन आला. शास्त्राच्या पुस्तकात कबुलीजबाब बरा दिसत नाही, वाचकाचा लेखकावरचा विश्वास उडेल, म्हणाले. मी सांगितलं, हे प्रकरण असंच छापायचं, नाहीतर पुस्तक परत द्या. दोन आठवडे गप्प होते. काल कळवलं की छापतो. त्यांनी परत पाठवलं असतं तरी मी दुसरं दार ठोठावलं असतं, तेही नसतं तर झेरॉक्स काढून वाटलं असतं. आता मागे हटायचं नाही, एवढं माझं मी ठरवलंय.

पण पुस्तक यायला उन्हाळा उजाडेल, आणि महूपाड्यात ते किती जण वाचणार? भाऊंना माझ्या नावाची काळजी, म्हणून ते बोलणार नाहीत. तुला त्यांनी बांधून ठेवलंय. मग हे सांगायचं काम माझंच आहे. शनिवार, १३ डिसेंबरला येतो. सकाळच्या गाडीने शिरपूर, तिथून जीप मिळेल. झाडाखाली मी स्वतः वाचणार. सगळ्या कपाशीवाल्यांना बोलाव. सुकदेवआबा तर हवेतच. भाऊंना आधी सांगू नकोस, ते मला फाट्यावरूनच परत धाडतील.

तू रागावलीस ते बरोबर केलंस. राग गेला नसेल तरी चालेल, निरोप तेवढा पोचव.

देवचंद


महूपाडा
२४ नोव्हेंबर २०२५

सर, जोहार.

निरोप दिला. सगळे येतील. बाबांना सांगितलेलं नाही, आईला सांगितलं. ती म्हणाली, येऊ दे.

राग पूर्ण गेलेला नाही. फाट्यावर मी घ्यायला येते. जीपवाले गुडघ्यांचा विचार करत नाहीत, पुढच्या सीटवर बसा.

रोशनी


महूपाडा
२१ डिसेंबर २०२५

गुरुजी, राम राम.

मी कुवरसिंग. सांगतो मी, लिहिते रोशनी. आपल्या मनाचं घालू नकोस असं तिला बजावलंय.

त्या दिवशी तुम्ही वाचलंत, सगळं सांगितलंत आणि शेवटची जीप म्हणून लगेच निघालात. जेवला पण नाहीत. रुपली अजून त्यावरून बोलतेय. मला बोलायचं होतं ते राहून गेलं. लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

तुम्ही उभे राहून म्हणालात, पुडी फेकायला मी सांगितलं, कुवरसिंगने नाही. तेव्हा मला खाली बघायला झालं. मला ते नको होतं. इतकी वर्षं मी ते झाकलं, मला वाटायचं माझ्याने एवढं तरी होतंय. पण रात गेली, सकाळी उठलो, तर छातीवरचं ओझं उतरलं होतं. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं गुरुजी. लई बरं वाटलं.

सुकदेवआबाने विचारलं होतं, “आते त्या पाच वळी लाया तं अळी मरई का?” तुम्ही म्हणालात, मला माहीत नाही, बहुतेक उशीर झालाय, पण खात्रीने माहीत नाही, विचारून कळवतो. शिकलेला माणूस असं म्हणतो हे आम्ही पाहिलं नव्हतं. आबा जाताना म्हणाला, हाऊ मास्तर खरा शे. तुमची चिठ्ठी परवा आली. या अळीसाठी आता उपयोग थोडा, पण उद्या नवं बियाणं आलं तर त्याची कडेची ओळ चुकवू नका, असं तुम्ही कोणाला तरी विचारून लिहिलंय. ते मी सव्वीस घरी जाऊन सांगितलं. या वेळी का लावायची ते पण सांगितलं, तुम्ही वाचलं तसं. साधी अळी जगली पाहिजे, तिच्यामुळे ती दुसरी माजत नाही. रुपलीला एकदम पटलं. मला दोनदा ऐकावं लागलं होतं.

पोरं आता त्या अळीला गुरुजींची अळी म्हणायला लागलीत. मी दटावलं. अळी कोणाची नसते म्हटलं.

आता कामाचं. रोशनीने तुमचं नवं प्रकरण मला पुन्हा वाचून दाखवलं. सुरुवातीला ‘एका शेतकऱ्याने मला विचारलं’ असं आहे. ते बदला. माझं नाव लाजेचं होतं तेव्हा गावाने ते घरोघर घेतलं. आता ‘एका शेतकऱ्याने’ कशाला? तुम्ही तुमची चूक तुमच्या नावावर लिहिलीत, मग माझं पण माझ्या नावावर लिहा. कुवरसिंग पावरा, महूपाडा. छापणारा काही म्हणाला तर मी सांगितलंय म्हणा.

त्या वर्षी या गावात तीस जणांनी ते बियाणं आणलं होतं. पुडी सगळ्यांच्या हातात होती. का लावायची म्हणून विचारायला मी एकटा आलो होतो. एवढं लिहा.

कुवरसिंग